पुठ्ठ्यातली हजेरी

सांगलीच्या आमच्या पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात दुसऱ्या कार्यालयांतली माणसं रेकॉर्ड रूम बघायला यायची. थट्टा नाही, खरंच यायची. एरवी सरकारी रेकॉर्ड रूम म्हणजे मोडक्या खुर्च्या, उंदीर आणि कोपऱ्यात नेमून टाकलेला एक रुसलेला कारकून. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. कागदांचा प्रत्येक बस्ता धुतलेल्या लाल कापडात, प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी, आणि मागितलेला कागद चहा निवायच्या आत साहेबांच्या टेबलावर. मला त्याचा गर्व होता. अजून आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही. माझा स्वभाव तापट आहे हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाला नवल वाटायला नको.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, तेव्हा खात्याने स्वतःचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं. आमचे साहेब खंडाळ्याकडचे, माणूस सरळ. त्यांनी गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाचा कच्चा मसुदा करून ठेवला होता. कोणतं धरण कधी पुरं झालं, उद्घाटनाला कोण आलं होतं, आणि सुरुवातीपासूनच्या सगळ्या साहेबांचे फोटो. तेवढ्यात वरून आदेश आला, इतिहासाच्या दोन जाणकारांचा सल्ला घ्यावा. म्हणून वाईच्या एक निवृत्त प्राध्यापिका आणि साताऱ्याच्या कॉलेजातले एक तरुण सर आमच्याकडे येऊ लागले.

बाई अंगाने बारीक, सुती साडी, हातात स्टीलचा डबा, आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवलेलं भिंग. पहिल्याच बैठकीत त्यांनी मसुदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटला आणि विचारलं, "साहेब, यात माती कोणी उचलली ते कुठं आहे?"

साहेब म्हणाले, कंत्राटदारांची यादी परिशिष्टात दिली आहे. बाई म्हणाल्या, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले तलाव कंत्राटदारांनी नाही खणले, बहात्तरच्या दुष्काळात कामावर आलेल्या लोकांनी खणले. त्यांची नावं असतील तर तो खात्याचा इतिहास, नाहीतर हा सत्काराचा अल्बम. आणि जिथं खात्याचं चुकलं असेल तेही लिहा, असा त्यांनी वर आणखी सल्ला दिला. साहेबांचा चेहरा पडला. सरांनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

मी दाराशी उभा होतो. त्या माती उचलणाऱ्यांत माझी आई होती, हे त्या कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव विट्याच्याही पलीकडे, माळरानावर. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे. बहात्तर साली चारा संपला, पाणी संपलं, मेंढरं गेली, आणि माझी तरणीताठी आई पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी वाहायला गेली. मी तेव्हा पाचेक वर्षांचा असेन. बाभळीला बांधलेल्या पटकुराच्या सावलीत बसून कामावर मिळणारी भाजक्या पिठाची गोड सुकडी खायचो, एवढंच मला आठवतं. आई मात्र जन्मभर एक गोष्ट सांगत आली, की ती नुसती पाटी वाहत नव्हती, मुकादमीण होती. तिला धरून चौतीस बायांची टोळी होती आणि रोज सकाळी हजेरी तीच पुकारायची.

लहानपणी मी ही गोष्ट मित्रांना छाती फुगवून सांगायचो. नोकरीला लागल्यावर मला तिची लाज वाटू लागली. कागद वाचून मी शहाणा झालो होतो ना. एकदा तिला तोंडावर म्हणालो, आई, मुकादम पुरुषच असायचे, बायका नसायच्या, आणि तुला तर लिहितावाचता येत नाही, तू हजेरी कशी पुकारणार?  तिने चुलीवरचं भगुलं असं आदळून उतरवलं की निम्मी आमटी राखेत गेली.

तर बाईंनी दुष्काळी कामांचे हजेरीपट मागितले. मी मोठ्या ऐटीत गेलो आणि हजेरीपटांऐवजी एक यादी आणून त्यांच्यापुढं ठेवली. सरकारी कागदांचे वर्ग असतात. काही कायम ठेवायचे, काही मुदत संपली की नष्ट करायचे. हजेरीपट दुसऱ्या जातीतले. मी नवा नवा रेकॉर्डला आलो तेव्हा कित्येक वर्षं साचलेली ही घाण एकट्याने उपसली होती. सुवाच्य अक्षरात यादी, प्रत्येक नोंदीपुढं 'नष्ट', आणि खाली माझी सही. त्या कामासाठी मला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

बाईंनी एकेका ओळीवरून बोट फिरवत यादी वाचली. "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?" मी म्हणालो, हो, नियमाप्रमाणे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, इतकं नीट नष्ट केलेलं रेकॉर्ड त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मी हसून मान तुकवली. ही शाबासकी नव्हती हे चहा पिताना लक्षात आलं, आणि माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की अर्धा चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्या रागात मला एक जुनी गोष्ट आठवली. हजेरीपट नष्ट केले त्या वर्षी सुट्टीला गावी गेलो, तेव्हा मी आईला बढाई मारून सांगितलं होतं, की तुमच्या तलावाचे कागदसुद्धा मीच निकालात काढले. तिने दोनदा विचारलं होतं, समदी? एकबी ऱ्हायली न्हाई? मी म्हणालो, एकही नाही. दुसऱ्या दिवशी तिने सण नसताना पुरण घातलं. मला वाटलं होतं, प्रशस्तिपत्राचा आनंद.

बाई काही हटल्या नाहीत. हजेरीपट नाहीत तर नाहीत, मोजमाप पुस्तकं दाखवा म्हणाल्या. ही कायम ठेवायची असतात; किती माती निघाली, भराव किती उंच झाला, ते त्यांत लिहिलेलं असतं. मी आमच्याच गावच्या तलावाची पुस्तकं काढून दिली. निळ्या कापडाच्या पाठी, जाड पुठ्ठे, वाळवीचं एक भोक नाही. दोन तास त्या वाचत होत्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि आतलं सोडून पुठ्ठ्याचा दुमडलेला कोपरा नखाने उचकटायला लागल्या.

मी जवळजवळ ओरडलोच. रेकॉर्डला हात लावायचा तर नीट लावा, म्हणालो. त्यांनी न रागावता भिंग माझ्या हातात दिलं आणि कोपरा दाखवला. पुठ्ठा एकसंध नव्हता. कागदावर कागद चिकटवून केलेला होता, आणि सुटलेल्या पदरातून काळ्या शाईचा अर्धा अंगठा बाहेर डोकावत होता.

 पुस्तकं नव्याने बांधून घेतली होती ती मीच, हजेरीपट नष्ट केले त्याच वर्षी. बांधणारे चाचा अजून सांगलीतच होते. थकले होते, दुकान बंद केलं होतं, पण बोटांना अजून खळीचा वास यायचा. आम्ही तिघं त्यांच्या घरी पुस्तक घेऊन गेलो. त्यांनी पुठ्ठा बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आवं, तुमीच दिलं व्हतं की. बाजारात धड पुठ्ठा मिळंना, मी म्हनलं कागद द्या, पुठ्ठा मी करतो. आन्‌ फाडायच्या आदी द्या म्हनलं, फाटक्या कागदाचा पुठ्ठा वाकडा हुतो."

आणि मी दिला होता. गठ्ठाच्या गठ्ठा उचलून दिला होता, आणि यादीत पुढं 'नष्ट' लिहून सही ठोकली होती. नव्या निळ्या पुस्तकांच्या कौतुकात ते साफ विसरून गेलो होतो. ज्या सहीचा मी तीस वर्षं टेंभा मिरवला, ती सही खोटी होती. मला शरम वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी चाचांचे दोन्ही हात धरले.

साहेबांची लेखी परवानगी घेऊन चाचांनी पुठ्ठे उकलले. खळीत मोरचूद घातला होता म्हणून वाळवी लागली नव्हती, पण पाण्यात भिजवले तर अक्षरं जातील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले आणि बांबूच्या पातळ पट्टीने एकेक पदर असा सोडवला की सरांनाही श्वास धरून बसावं लागलं. चार पुस्तकांतून त्या तलावाच्या बायांच्या टोळीचा एक अख्खा हजेरीपट निघाला. नावं जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली, ती चाचांच्या पहिल्या खळीतच विरघळून गेली होती. पाच-सहा ओळी तेवढ्या वाचता येत होत्या. अंगठे मात्र सगळेच्या सगळे शाबूत होते, चौतीसच्या चौतीस.

बाई कागदावर भिंग धरून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, गंमत आहे, पहिल्या ओळीतल्या अंगठ्यावर मधोमध तिरकी पांढरी रेघ आहे आणि एकविसाव्या ओळीतल्या अंगठ्यावरही तीच आहे. दोन ओळींत बाई एकच.

मी वाकून बघितलं. तो अंगठा माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर होता. मेंढरांची लोकर कातरताना आईच्या अंगठ्यावरून कातर फिरली होती, तिचा तो वण. मी म्हणालो, शाई पसरली असेल. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण पुढं काही विचारलं नाही.

रविवारी मी पहिली बस धरून गाव गाठलं. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. पुठ्ठ्यातली हजेरी, पहिली ओळ, एकविसावी ओळ. तिचे हात थांबले.

"म्हंजी ऱ्हायली व्हय कुटंतरी," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. टोळीतली एक बाई दिवसांची होती. पाटी वाहता वाहताच तिला कळा लागल्या, आणि तिथंच बाभळीच्या आडोशाला ती मोकळी झाली. पुढचे काही दिवस ती उठू शकत नव्हती. हजेरीत नाव नसेल तर सुकडी नाही आणि धान्यही नाही. म्हणून रोज सकाळी पुकारा झाला की तिच्या नावाला आई स्वतःच 'हाय' म्हणायची. आठवड्याला अंगठे घ्यायला कारकून आला, तेव्हा आईने आपला अंगठा दोनदा टेकवला. कारकुनाने चष्मा काढून पुसायला घेतला, आणि लय वेळ पुसला, असं आई म्हणाली.

सरकारी कागदावर खोटा अंगठा. त्याची भीती तिने पन्नास वर्षं पोटात बाळगली होती. पोरगा त्याच खात्यात लागला तेव्हा तर तिची झोपच उडाली, कारण तो कागद सापडला तर पोराची नोकरी जाईल, असं तिच्या मनाने घेतलं. ते पुरण प्रशस्तिपत्राचं नव्हतं, सुटकेचं होतं. हे ऐकून मला तिच्यासमोर बसवेना. चौतीस बाया सांभाळणाऱ्या बाईला मी वर तोंड करून सांगत होतो, की तू मुकादमीण नव्हतीस.

मी विचारलं, वाचता येत नव्हतं तर हजेरी कशी पुकारायचीस? तिने शेंगा बाजूला सारल्या, डोळे मिटले आणि सुरू केलं. नाव, नवऱ्याचं नाव, वाडी. पुढचं नाव, नवऱ्याचं नाव, वाडी. कुठं अडखळली नाही की मागं आली नाही. एकविसाव्या नावाला तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुढं गेली. चौतिसावं नाव घेऊन ती थांबली.

सोमवारी कार्यालयात पाऊल ठेवताच मी बाईंना आणि साहेबांना एकत्र गाठून सगळं सांगून टाकलं. आई मजुरीला होती हे सांगितलं, दुसरा अंगठा तिचाच हे सांगितलं, आणि माझी 'नष्ट'ची सही खोटी हेही सांगितलं. सांगताना आवाज इतका चढला की बाहेरचे दोघंतिघं दारात येऊन उभे राहिले.

बाई त्याच आठवड्यात गावी आल्या. आईसमोर घोंगडीवर बसल्या आणि तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. सरांच्या मांडीवर हजेरीपटाचे फोटो. आई म्हणत गेली, सर मिळवत गेले. ज्या पाच-सहा ओळी वाचता येत होत्या त्या जिथल्या तिथं, त्याच क्रमाने आल्या. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, "मुकादमीणबाई, तुमच्यामुळं सगळी नावं परत आली."

त्या नावाने तिला हाक मारणारं तिच्या टोळीनंतर हे पहिलंच माणूस. आईने पदर सारखा केला आणि माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी चहा आणायला आत पळालो.

खरी बैठक पुढंच होती. नावं छापायला साहेब राजी होते, पण खात्याच्याच पुस्तकात खोट्या हजेरीची गोष्ट छापायची म्हणजे त्यांना अवघड वाटत होतं. वरून कोणी विचारलं तर काय सांगायचं? एकविसावी ओळ तेवढी गाळली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

बाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, ओळ गाळली तर कागद खोटा होईल. छापली तर तुमच्या खात्यात त्या वर्षी माणुसकी कोणी सांभाळली ते कळेल, आणि चष्मा पुसणारा तो कारकूनही तुमच्याच खात्याचा होता."

साहेबांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाले, आई तुमची आहे, तुम्ही सांगाल ते करू. मी म्हणालो, छापा, आणि त्याखाली माझ्या सहीचंही छापा. घरात दोन खोट्या नोंदी आहेत, दोन्ही एका पानावर येऊ देत. साहेब हसले, आणि तिथल्या तिथं मसुद्यातला स्वतःचा फोटो काढून त्या जागी हजेरीपटाचा फोटो घाला म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्या खात्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. प्रशस्तिपत्र मिळालं तेव्हासुद्धा नाही.

पुस्तक निघालं ते आमच्या तलावाच्या बांधावर. तो हट्ट बाईंचा. चाचा गाडीतून आले होते, नवा पांढरा झब्बा घालून. त्या पुस्तकाची एक प्रत त्यांनी हाताने बांधली होती, निळ्या कापडाची पाठ. साहेबांना यायला अर्धा तास उशीर झाला तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, "सायेब, तुमची आज अर्दीच हजेरी." सगळा बांध हसला, सगळ्यांत जोरात साहेब हसले.

मग बाईंनी आईला पुकारा करायला सांगितला. आई उभी राहिली. हातात कागद नव्हता, पुस्तकही नव्हतं. पहिलं नाव तिचं स्वतःचं. ते घेऊन तीच 'हाय' म्हणाली. पुढच्या नावाला एक म्हातारी काठीवर रेलून 'हाय' म्हणाली. मग एका नावाला नात बोलली, एकाला सून, एकाला गावात दिलेली लेक. टोळीतल्या चारच बाया उरल्या होत्या, पण एकही नाव बिनउत्तराचं राहत नव्हतं. मी एकेक नाव बोटांवर मोजत होतो, आणि विसाव्यानंतर मोजायचं थांबलो. एकविसाव्या बाईला जाऊन खूप वर्षं झाली होती, आणि तिच्या घराला गावात कुलूप होतं.

आईने नाव घेतलं. नवऱ्याचं नाव, वाडी. बांधावर कोणी हललं नाही. मला वाटलं, आता आईच म्हणेल.

ती मात्र थांबून राहिली. तेवढ्यात मागून, उभ्या असलेल्या माणसांतून, पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ पुढं आला. आमच्याकडची पुष्कळ माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्यांतलाच एक. पुस्तकाची बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, दोन रात्री रेल्वेत काढून आला होता. त्या बाभळीच्या आडोशाला जन्मलेला तोच. त्याने पायांतल्या चपला काढल्या आणि म्हणाला, "हाय."

आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तवा तुझ्या आयच्या नावानं मी बोलले व्हते," ती म्हणाली. "आता हजेरी खरी झाली." आणि तिने बाविसावं नाव घेतलं.